वाचकांचे प्रश्न : पाच पाकळ्यांचं जास्वंद ठिपक्यांवर का बसत नाही

मागच्या अंकात मी क्वासिक्रिस्टलवर अर्ध्या पानाचं टिपण लिहिलं होतं. घन पदार्थ, आतले अणू एकदम शिस्तीत बसलेले, पण मिठाच्या खड्यात जशी तीच ती चौकट पुन्हा पुन्हा येते तशी इथे येत नाही, एवढंच त्यात सांगितलं होतं. त्यावर इतके प्रश्न आले की या महिन्याचं सगळं सदर त्यालाच दिलंय. बहुतेकांनी फिजिक्स विचारलंय पण उत्तरं गणितात आहेत, म्हणून मी गणितच सांगणार आहे, आणि जिथे कागद-पेन्सिल घ्या म्हणेन तिथे प्लीज खरंच घ्या, नुसतं वाचून ते हाताला लागत नाही.

प्रश्न (एक वाचक, मिरज): ताई, मी तीस वर्षं ठिपक्यांची रांगोळी काढतेय. चार पाकळ्यांचं फूल बसतं, सहा पाकळ्यांचं तर आपोआप येतं, पण पाच पाकळ्यांचं जास्वंद काही केल्या नीट बसत नाही, एक पाकळी तरी वाकडी होतेच. तुमचं टिपण वाचून वाटलं, याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि अगदी थेट आहे. तुमचा हात चुकत नाहीये ताई, ठिपकेच नाही म्हणतायत.

उदबत्तीने भोकं पाडलेला ठिपक्यांचा कागद आठवा. एकदा ठिपके पाडले, कागद उचलला, एक ओळ सरकवून परत ठेवला तर भोकं आधीच्या ठिपक्यांवर बरोब्बर बसतात. हे जे सरकवून जुळणं आहे ना, त्यालाच गणितात आवर्तन म्हणतात, आणि मीठ, हिरा, तांबं, सगळ्यांचे अणू असेच तीन दिशांना सरकवून जुळणारे असतात. १३ ठिपके १३ ओळी काढल्या की चौकोनी जाळी, १३ ते ७ काढले की मधोमध ठिपके येऊन सहा बाजूंची जाळी. पहिलीत चार पाकळ्या बसतात, दुसरीत सहा.

आता समजा कुणी म्हणालं की मी अशी जाळी शोधलीय जी पाचाने फिरवली, म्हणजे ७२ अंशांनी, तरी जुळते. ठीक आहे, मानून चालू. एका ठिपक्यावर बोट ठेवा. त्याच्या सगळ्यात जवळचा ठिपका एक बोटावर आहे असं धरा. पाचाने फिरवून जुळायचं म्हणजे एक बोट अंतरावर चारी बाजूंना मिळून पाच ठिपके हवेत, पंचकोनाच्या टोकांसारखे. त्यांना एक ते पाच नंबर द्या. मधल्या ठिपक्यावरून नंबर एकवर जा, आणि तिथून नंबर तीनच्या दिशेचं तेवढंच पाऊल टाका. सरकवून जुळतंय त्यामुळे प्रत्येक ठिपक्यावरून आजूबाजूचं चित्र सारखंच, म्हणून जिथे पोचलात तिथे ठिपका असायलाच पाहिजे. पण एक आणि तीन या दिशांमध्ये १४४ अंश आहेत, दुसरं पाऊल जवळजवळ उलटं फिरून येतं, आणि तुम्ही मूळ ठिपक्यापासून फक्त ०.६१८ बोटावर उभ्या राहता. म्हणजे एक बोटापेक्षाही जवळ ठिपका निघाला, आणि आपण तर म्हणालो होतो की सगळ्यात जवळचा एक बोटावर आहे! झालं, जाळीच मोडली.

हेच सहावर करून बघा, १२० अंशातली दोन पावलं टाकली की बरोब्बर नंबर दोनच्या ठिपक्यावर येता, भांडण नाही. सातावर आणि आठावर दुसरं पाऊल नंबर चारच्या दिशेचं टाका, सातावर ०.४४५ वर येता, आठावर ०.७६५ वर, परत भांडण. म्हणून जाळीत दोन, तीन, चार आणि सहा एवढंच फिरणं चालतं, बाकी काही नाही. (फुलाचा मध्य ठिपक्यावर न ठेवता दोन ठिपक्यांच्या मधे ठेवला तरी सुटका नाही, कारण हिशोब पावलांचा आहे.) एकटं दुकटं जास्वंद तुम्ही थोडी तडजोड करून काढालच, पण सगळा कागद पाचाने जुळणारा, हे कधीच होणार नाही.

प्रश्न (बारावी सायन्स, लातूर): मॅडम, आम्हाला पण हेच शिकवलं की ५ फोल्ड सिमेट्री क्रिस्टलमध्ये इम्पॉसिबल आहे. मग शेख्टमनला ती दिसली कशी? प्रूफ चुकीचं होतं का?

प्रूफ आजही तंतोतंत बरोबर आहे, वर मी दिलंच. चूक होती ती त्याच्या आधीच्या एका वाक्यात, जे कुणी सिद्ध केलंच नव्हतं.

८ एप्रिल १९८२. डॅन शेख्टमन हे इस्रायलच्या टेक्निऑन विद्यापीठातून काही काळासाठी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये आले होते. अल्युमिनियम आणि मँगनीजचा वितळलेला मिश्रधातू झटक्यात गार करून त्याची पातळ फीत बनवलेली, ती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरली आणि पडद्यावर टोकदार ठिपक्यांची वर्तुळं आली, प्रत्येक वर्तुळात दहा ठिपके. त्यांनी वहीत "१० फोल्ड" लिहून पुढे तीन प्रश्नचिन्हं टाकली. (पाचाचे दहा का, तर या चित्रात समोरासमोरचे ठिपके जोडीने येतात.) पहिली शंका कुणालाही येईल तीच होती, की साधे क्रिस्टल पाच दिशांना एकमेकांना चिकटलेत आणि मिळून फसवतायत, ज्याला ट्विनिंग म्हणतात. त्यांनी ते तपासलं, ट्विन सापडले नाहीत. तरी पेपर छापून यायला १९८४ चा नोव्हेंबर उजाडला, ब्लेख, ग्रॅटियास आणि कान हे सहलेखक. दोन नोबेल मिळवलेले लायनस पॉलिंग १९९४ मध्ये जाईपर्यंत ट्विनिंगच आहे म्हणत राहिले. २०११ ला शेख्टमनना केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

आता ते न तपासलेलं वाक्य. सगळे धरून चालले होते की टोकदार ठिपके आले म्हणजे आत आवर्तन असणारच. आवर्तन असेल तर टोकदार ठिपके येतात, हे खरं. उलटं खरं आहे का, हे मात्र कुणी विचारलंच नाही. म्हणजे अगदी कुणीच नाही असं नाही, हॅराल्ड बोर यांनी १९२० च्या दशकात "जवळजवळ आवर्ती" फंक्शनचं गणित उभं केलं होतं (नील्स बोर यांचे भाऊ, आणि १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये डेन्मार्ककडून फुटबॉलचं रौप्यपदक), पण ते गणितवाल्यांच्या कपाटात राहिलं. १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिस्टलोग्राफी युनियनने क्रिस्टलची व्याख्याच बदलली, आवर्तनाची अट काढली आणि म्हटलं की ज्याचं विवर्तन (डिफ्रॅक्शन, म्हणजे अणूंवर आपटून पसरलेल्या लाटांचं पडद्यावर उठणारं चित्र) टोकदार ठिपक्यांचं ते क्रिस्टल. तुझ्या पुस्तकात जुनी व्याख्या असेल तर परीक्षेत ती लिही, पण डोक्यात नवी ठेव.

प्रश्न (निवृत्त मराठी शिक्षक, वाई): आवर्तन नाही आणि तरी शिस्त आहे, हे मला भाषेच्या अंगाने समजत नाही. वृत्तात गण परत येतात म्हणून तर ते वृत्त. परत येणार नसेल तर ते गद्यच की!

गुरुजी, तुमच्या प्रश्नाने मला उदाहरणच मिळालं. लघू-गुरूच घेऊ.

एक नियम करू. दर फेरीत प्रत्येक गुरूच्या जागी "गुरू लघू" लिहायचं आणि प्रत्येक लघूच्या जागी "गुरू" लिहायचं, बस. सुरुवात एका ग ने. ग, मग गल, मग गलग, मग गलगगल, मग गलगगलगलग, मग गलगगलगलगगलगगल. अक्षरं मोजा, १, २, ३, ५, ८, १३. प्रत्येक ओळ म्हणजे आधीची ओळ आणि तिला जोडलेली त्याच्या आधीची ओळ. हे असंच अनंतापर्यंत न्यायचं.

हे कधी परत परत येणारं होईल का? समजा झालं, एखादा तुकडा पुन्हा पुन्हा येतोय. त्या तुकड्यात इतके गुरू, इतके लघू, म्हणजे सगळ्या ओळीत गुरू आणि लघूचं प्रमाण साध्या अपूर्णांकाचं असणार, तीनास दोन, आठास पाच, असं काहीतरी. पण आपल्या ओळीत हे प्रमाण सुवर्ण गुणोत्तराकडे जातं, १.६१८०३..., आणि ती संख्या अपरिमेय आहे, कुठल्याच अपूर्णांकात बसत नाही. म्हणून आवर्तन नाही. संपलं, चार वाक्यांत सिद्धता.

आणि तरी हे गद्य नाही! दोन लघू लागोपाठ कधीच येत नाहीत. तीन गुरू लागोपाठ कधीच येत नाहीत. दोन अक्षरांचे तुकडे शोधा, गल, लग, गग एवढे तीनच मिळतील. तीन अक्षरांचे चारच, गलग, लगग, गगल, लगल. चार अक्षरांचे पाच. दहा अक्षरांचे फक्त अकरा, आणि नाणं उडवून लिहिलेल्या बेशिस्त ओळीत तेच १०२४ निघतात. मोर्स आणि हेडलंड यांनी दाखवलं की कुठल्यातरी एका लांबीचे वेगवेगळे तुकडे त्या लांबीइतके किंवा त्याहून कमी झाले की ओळ उशिरा का होईना आवर्ती होतेच. म्हणजे आपली ओळ आवर्तन टाळायला जेवढं लागतं त्यापेक्षा एकही तुकडा जास्त वापरत नाही. मला स्वतःला या एका वाक्याने वेड लावलं होतं, कॉलेजात असताना पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ओळीच्या ओळी लिहून तुकडे मोजत बसले होते.

अजून एक. यातला कुठलाही तुकडा घ्या, तो पुढे परत येतोच, आणि फार वाट बघायला लावत नाही. येतो, पण ठराविक अंतराने येत नाही. आवर्तन म्हणजे ठराविक अंतराने येणं, तेवढंच काय ते इथे नाहीये.

आणि हो, १, २, ३, ५, ८ हे आकडे आपल्याकडे छंदशास्त्रातच आधी आले. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, तर इतक्या मात्रांच्या चरणाचे प्रकार किती, हा हिशोब विरहांकाने आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने मांडलाय. ते प्रकार मोजत होते, आपण इथे एकच अनंत ओळ बांधतोय, गोष्ट वेगळी आहे, पण आकडे तेच.

प्रश्न (सॉफ्टवेअर इंजिनिअर, पुणे): सगळीकडे वाचतो की क्वासिक्रिस्टल म्हणजे हायर डायमेंशनची सावली. हे खरंच काही आहे की नुसतं ऐकायला भारी? आणि मेन प्रश्न, रिपीट होत नाही तर डिफ्रॅक्शनचे स्पॉट शार्प कसे?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच आलेखाच्या कागदावर आहे, घे एक.

चौकटीच्या कागदावर एक तिरकी रेघ मार, एक घर उजवीकडे गेली की ०.६१८ घर वर चढणारी. आता रेघेच्या लगेच खालून, रेघ न ओलांडता, चौकटींच्या कडांवरून जिना चढत जा, शक्य तिथे वर, नाहीतर उजवीकडे. उजवीकडची प्रत्येक पायरी ग, वरची प्रत्येक पायरी ल. लिहून काढ, सुरुवातीला एखादं अक्षर इकडे तिकडे होईल पण ओळ वर गुरुजींना दिलेल्या घराण्यातलीच येते. आणि या पायऱ्यांची सावली त्या तिरक्या रेघेवर पाडली तर आडव्या पायरीची सावली उभ्या पायरीच्या सावलीच्या बरोब्बर १.६१८ पट लांब पडते. म्हणजे एका रेघेवर बसलेल्या, आवर्तन नसलेल्या ठिपक्यांच्या मागे एक साधी, शाळेतली, आवर्ती चौकट आहे, फक्त ती एक मिती वर आहे आणि आपण तिचा तिरका पट्टा कापून घेतलाय. रेघेचा चढ जर ८ भागिले १३ घेतलास, म्हणजे ०.६१५, तर दर २१ पायऱ्यांनी सगळं परत येतं. असे खरे पदार्थ आहेत, त्यांना ॲप्रॉक्सिमंट म्हणतात, एकक चौकट मोठी असलेले साधे क्रिस्टल, आणि क्वासिक्रिस्टलमध्ये अणू नेमके कुठे हे ओळखायला त्यांची फार मदत झाली.

ब्रिटिश गणिती पेन्रोझ यांच्या फरशा (१९७४, दोन आकार, आवर्तन अशक्य) पाच मितींच्या चौकटीतून अशाच कापून काढता येतात हे डच गणिती डी ब्रुइन यांनी १९८१ मध्ये दाखवलं. शेख्टमनच्या अल्युमिनियम-मँगनीजला सहा मिती लागतात. आणि गंमत बघ, असे ठिपक्यांचे संच इव्ह मेयर यांनी १९७२ लाच अभ्यासले होते, तेव्हा त्यांच्या डोक्यात कुठलाही धातू नव्हता, निव्वळ संख्यांचं गणित (नंबर थिअरी) होतं.

नुसतं ऐकायला भारी नाही म्हणतेय कारण यातून मोजता येणाऱ्या गोष्टी निघतात. साध्या क्रिस्टलचा प्रत्येक ठिपका ओळखायला तीन पूर्णांक पुरतात, इथे सहा लागतात, आणि सहाने सगळे ठिपके नीट बसतात. शिवाय तो कापलेला पट्टा बाजूला किंचित सरकवला तर काही ठिकाणी गल चं लग होतं, म्हणजे खऱ्या पदार्थात काही अणू टुणकन शेजारच्या जागी उडी मारतात. त्याला फेझॉन म्हणतात आणि ते प्रयोगात दिसतं.

आता शार्प कसे. मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढ. १.६१८०३३९८९ चा पाचवा घात घे, ११.०९०. दहावा, १२२.९९२. पंधरावा, १३६४.०००७. विसावा, १५१२६.९९९९. बघतोयस ना, घात जितका मोठा तितका तो पूर्ण संख्येला चिकटत जातो! आता १.५ चे घात घे, दहावा ५७.६६५, विसावा ३३२५.२५७, त्यांना पूर्ण संख्येशी काही देणंघेणं नाही.

याचा लाटांशी संबंध असा की वरच्या ओळीत ल ची लांबी १ आणि ग ची १.६१८ धरली तर प्रत्येक फेरीतल्या तुकड्याची लांबी म्हणजे सुवर्ण गुणोत्तराचा घातच असतो, आणि तेच ते तुकडे एकमेकांपासून अशाच अंतरांवर परत येतात. त्या अंतरात १ लांबीच्या लाटा जवळजवळ पूर्ण संख्येत बसतात, आणि जितकं लांब जावं तितक्या जास्त बिनचूक बसतात. त्यामुळे लांबलांबच्या अणूंकडून आलेल्या लाटा एकाच तालात पोचतात, एकमेकींना मारत नाहीत, आणि ठिपका टोकदार येतो. आवर्तन हा तालात राहण्याचा एक मार्ग होता, हा दुसरा निघाला. ज्या संख्यांचे घात असे पूर्ण संख्येला चिकटतात त्यांना पिसो संख्या म्हणतात. सुवर्ण गुणोत्तराचं समीकरण सोडवलं की दुसरं उत्तर उणे ०.६१८ येतं, त्याचे घात शून्याकडे जातात, आणि दोघांच्या घातांची बेरीज नेहमी पूर्ण संख्या असते, म्हणून हे होतं.

आणि कुठलीही शिस्त चालते असं समजू नकोस. अ च्या जागी अब, ब च्या जागी बअ, हा नियम लाव, अबबअबअअब अशी ओळ येते, थ्यू-मोर्स नावाची. नियम तितकाच कडक आहे, पण समान अंतरावर ठेवलेल्या जागांमुळे येतात ते ठिपके सोडले तर त्या अ-ब च्या शिस्तीतून एकही टोकदार ठिपका निघत नाही. मग नेमकी कुठली शिस्त ठिपके देते आणि कुठली नाही, हा प्रश्न १९८६ मध्ये बॉम्बिएरी आणि जीन टेलर यांनी सरळ शब्दांत विचारला, आणि पूर्ण उत्तर अजून आलेलं नाही.

प्रश्न (बांधकाम व्यावसायिक, कोल्हापूर): एकाच आकाराची, कधीच रिपीट न होणारी टाइल निघाली म्हणे. एका क्लायंटला बाथरूममध्ये हवी आहे. होईल का?

होईल की, पण ऑर्डर द्यायच्या आधी हे वाचा.

मार्च २०२३ मध्ये इंग्लंडच्या डेव्हिड स्मिथ यांचा तेरा बाजूंचा एक आकार जाहीर झाला, टोपीसारखा दिसतो म्हणून नाव हॅट. स्मिथ हे छपाईच्या कामातून निवृत्त झालेले हौशी गृहस्थ, कागद कापून कापून शोधलं, आणि कॅप्लन, मायर्स, गुडमन-स्ट्रॉस या तिघांनी सोबत सिद्धता दिली. याच्या मागे मोठी वाट आहे, १९६६ मध्ये बर्गर यांनी आवर्तनाशिवायच बसणारा पहिला संच दिला तेव्हा त्यात २०,४२६ वेगवेगळ्या आकारांच्या टाइल होत्या, १९७१ ला रॉबिन्सननी सहावर आणलं, पेन्रोझनी दोनवर, आणि मग पन्नास वर्षं एकावर घोडं अडलेलं.

तुमच्यासाठी महत्त्वाचं हे की हॅट बसवताना काही टाइल आरशात बघितल्यासारख्या उलट्या लागतात. तुमच्या टाइलला ग्लेझ एकाच बाजूला असणार, पालथी घालून चालणार नाही, म्हणून दोन साचे लागतील, सरळ आणि उलटा. प्रमाण साधारण सात सरळ तर एक उलटी, नेमकं सांगायचं तर ६.८५, म्हणजे सुवर्ण गुणोत्तराचा चौथा घात, परत तेच! नाहीतर त्याच चौघांनी मे २०२३ मध्ये दिलेला स्पेक्टर नावाचा आकार घ्या, वळणदार कडांचा, त्याला उलटी लागतच नाही. आणि कारागिराला आधी पूर्ण खोलीचा नंबर घातलेला नकाशा काढून द्या, कारण अंदाजाने लावत गेलं तर वीस-पंचवीस टाइलनंतर अशी फट उरते की जिच्यात काहीच बसत नाही आणि मग मागच्या उखडाव्या लागतात.

प्रश्न (एमएस्सी फिजिक्स, मडगाव): ब्लॉख थिअरम पिरिऑडिसिटीवर उभा आहे. तो गेला तर इलेक्ट्रॉनचं काय होतं?

छान प्रश्न. ब्लॉख थिअरमचं सार हे की आवर्ती जाळीत इलेक्ट्रॉन मोकळा फिरतो, ऊर्जेचे सलग पट्टे असतात. पूर्ण बेशिस्त एकमितीय साखळीत तो एका जागी अडकतो. आपल्या गलगगल साखळीत तो दोन्ही करत नाही.

ग जागेवर ऊर्जा थोडी वेगळी, ल वर शून्य, शेजारी उडी मारायची ताकद १ धर. साखळी दर फेरीला आधीच्या दोन साखळ्या जोडून होते, त्यामुळे ट्रान्सफर मॅट्रिक्सचा (साखळीच्या एका टोकाच्या लाटेवरून दुसऱ्या टोकाची लाट काढून देणारा आकड्यांचा चौकोन) अर्धा ट्रेस, म्हणजे त्याच्या कर्णावरच्या आकड्यांच्या बेरजेचा निम्मा, एका सुंदर नियमाने चालतो : नवा आकडा म्हणजे दोन गुणिले आत्ताचा गुणिले आधीचा, वजा त्याच्या आधीचा. सुरुवातीचे तीन आकडे १, ऊर्जेचा निम्मा, आणि ऊर्जेतून तो फरक वजा करून निम्मा. फरक १ आणि ऊर्जा ० घेऊन कर : १, ०, −०.५, −१, १, −१.५, −२, ५, −१८.५, −१८३. लागोपाठ दोन आकडे १ च्या पलीकडे गेले की सुटलेच, परत येत नाहीत. म्हणजे शून्य ऊर्जेला या साखळीत जागा नाही. ज्या ऊर्जांना आकडे काबूत राहतात त्याच चालतात, आणि त्या ऊर्जांचा संच कँटर संच निघतो, सगळीकडे फटी, एकूण लांबी शून्य, तरी मोजता न येण्याइतके बिंदू. कोहमोतो, कदानोफ आणि टँग यांनी हा नियम १९८३ मध्ये लिहिला, शेख्टमनचा पेपर यायच्या आधी, आणि लांबी शून्य असल्याची सिद्धता १९८९ मध्ये सुतो यांची.

हे सगळं एका मितीत. तीन मितींच्या क्वासिक्रिस्टलसाठी अशी सिद्धता अजून कुणाकडे नाही. पण प्रयोगशाळेत जे दिसतं ते विचार करायला लावणारं आहे : अल्युमिनियम, तांबं आणि लोखंड, तिन्ही चांगले वाहक, एकत्र येऊन क्वासिक्रिस्टल झाले की वाईट वाहक होतात, थंड केलं की रोध वाढतो, आणि नमुना जितका निर्दोष तितका रोध जास्त. साध्या धातूत दोष कमी केले की रोध कमी होतो, इथे उलटं. पीएचडीला विषय शोधत असशील तर इथे जागा आहे.

प्रश्न (एक वाचक, नाशिक): हे फक्त प्रयोगशाळेतच बनतं का?

नाही. रशियाच्या अतिपूर्वेला चुकोटकात खातिरका नदीच्या भागात सापडलेल्या दगडात अल्युमिनियम-तांबं-लोखंडाचा नैसर्गिक क्वासिक्रिस्टल मिळाला, लुका बिंदी आणि पॉल स्टाइनहार्ट यांच्या गटाने २००९ मध्ये जाहीर केलं, खनिजाचं नाव इकोसाहेड्राइट, आणि तो दगड उल्केचा निघाला. २०२१ मध्ये अजून एक कळलं, १६ जुलै १९४५ च्या पहिल्या अणुबॉम्ब चाचणीत वाळू वितळून जी लाल काच झाली तिच्यातही एक होता. भारतातलं विचाराल तर १९८५ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये चट्टोपाध्याय, रंगनाथन आणि सहकाऱ्यांना दशकोनी प्रकार सापडला, त्याच सुमाराला अमेरिकेत बेंडर्स्कींनाही. हा प्रकार एका दिशेने साधा आवर्ती असतो आणि बाकी दोन दिशांनी नाही.

प्रश्न (इयत्ता आठवी, सातारा): मला पेन्रोझच्या फरशा पुठ्ठ्याच्या करायच्या आहेत. कशा कापू?

शाब्बास. सगळ्या बाजू सारख्या असलेले दोन चौकोन काप, बाजू पाच सेंटिमीटर ठेव म्हणजे हातात नीट येतात. जाड्याचे कोन ७२ आणि १०८ अंश, बारक्याचे ३६ आणि १४४. नुसते कापून लावलेस तर ते साध्या जाळीतही बसतील आणि सगळी मजा जाईल, म्हणून दोन रंगांच्या कमानी काढलेला छापील नमुना घे आणि तो प्रत्येक तुकड्यावर चिकटव, कमानीचा रंग शेजारच्या तुकड्यात तुटता कामा नये, हा एकच नियम.

दोन्ही सारख्या संख्येने कापू नकोस. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या सोसायटीतल्या मुलांबरोबर आम्ही पन्नास जाडे आणि पन्नास बारके कापले, तासाभरात जाडे संपले आणि वीस बारके तसेच उरले. मुलांना वाटलं आपलं काहीतरी चुकलं. चुकलं काहीच नव्हतं, मग एका मुलीने लावलेले मोजले, पन्नास आणि तीस, भागाकार केला आणि १.६६ आलं, सुवर्ण गुणोत्तराच्या जवळ. तू शंभर जाडे आणि बासष्ट बारके काप. पुठ्ठा वहीच्या मागचा नको, मिठाईच्या खोक्याचा घे, कात्रीने कडा स्वच्छ येतात. मधे पाच जाडे, त्यांचे ७२ चे कोन एकत्र आणून तारा कर आणि तिथून बाहेर लावत जा, अडकलास तर शेवटचे सात-आठ काढून दुसऱ्या बाजूने ये.